प्रेजमेरचं चर्च आधी की तट आधी?

तुमचा प्रश्न नीट समजला का ते आधी सांगते. मे महिन्यात घरच्यांना घेऊन रोमानियाला जाताय. ब्राशोव शहरात दोन दिवस मुक्काम आहे आणि प्रेजमेर गावच्या तटबंदीतल्या चर्चचे फोटो बघून तुमचा गोंधळ उडालाय. एक जण ते तेराव्या शतकातलं चर्च म्हणतो, दुसरा पंधराव्या शतकातला किल्ला म्हणतो, तिसरा ट्यूटॉनिक सरदारांचा, म्हणजे जर्मन लढवय्या धर्मसंघाचा मठ म्हणतो. तुम्ही आपला तेरेखोल पाहिलाय, तिथेही किल्ल्यात चर्च आहे, तेव्हा हे तसंच काही आहे का, असं विचारलंत. आणि जाता जाता लिहिलंत, ‘एवढ्याशा खेड्याला हे परवडलं तरी कसं?’

माझ्या मते जाता जाता विचारलेला प्रश्नच खरा आहे. त्याचं उत्तर कळलं की तारखांचा गोंधळ आपोआप सुटतो. मी दगड-चुन्याच्या जुन्या बांधकामांच्या डागडुजीचं काम करते. सुरुवात आपल्याकडचे वाडे आणि गढ्या यांच्यापासून झाली, पुढे काही उन्हाळे ट्रान्सिल्व्हेनियातल्या, म्हणजे रोमानियाच्या याच भागातल्या चर्चांच्या मोजणीत गेले. त्यामुळे जे सांगते आहे ते भिंती वाचून सांगते आहे.

तेरेखोलपासून सुरू करू. तो किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला आणि मग आत चर्च आलं. म्हणजे किल्ला आधी, चर्च नंतर. प्रेजमेरला नेमकं उलटं आहे. तिथे चर्च आधी उभं राहिलं आणि जवळजवळ दोनशे वर्षांनी त्याच्याभोवती तट चढला. ट्रान्सिल्व्हेनियात तेरेखोलच्या जवळ जाणारं उदाहरण म्हणजे किल्निक. तिथे १२७०च्या सुमारास एका सरदार घराण्यानं राहण्यासाठी भक्कम मनोरा बांधला आणि १४३०मध्ये तो गावकऱ्यांना विकून टाकला. गावानं सरदाराची गढी विकत घेतली, हे वाचून मी पहिल्यांदा थबकले होते. कारण आपल्याकडे गढी पाटलाची किंवा देशमुखाची. पेंढाऱ्यांची धाड आली की गाव गढीच्या आसऱ्याला जायचं, पण दरवाजाची किल्ली गढीवाल्याच्याच कमरेला. इथे मात्र किल्ली गावाकडे होती.

ती का होती, हे समजायला थोडा इतिहास लागतो. बाराव्या शतकात हंगेरीचा राजा गेझा दुसरा यानं राज्याची पूर्व सीमा राखायला आणि जमीन कसायला ऱ्हाईन-मोझेल नद्यांच्या परिसरातून शेतकरी आणि कारागीर बोलावले. पुढे त्यांना सरसकट साक्सन म्हणू लागले. १२२४मध्ये राजा आंद्राश दुसरा यानं सिबिउ भागातल्या साक्सनांना सनद दिली. आपला न्यायाधीश आपण निवडायचा, आपला पाद्री आपण निवडायचा, कर थेट राजाला द्यायचा. पुढे हेच हक्क ब्राशोवच्या परिसरालाही मिळाले. या राजजमिनीवर मधे कोणी जहागीरदार नव्हता. जहागीरदार नाही म्हणजे वेठ नाही, हा झाला फायदा. पण जहागीरदार नाही म्हणजे त्याचा किल्लाही नाही. धाड आली तर जायचं कुठे?

अशा खेड्यात तेव्हा पक्क्या दगडी बांधकामाची आणि सगळ्या गावाच्या मालकीची एकच इमारत असायची, ती म्हणजे चर्च. मनोरा गावात सर्वांत उंच, म्हणून टेहळणी तिथूनच. घंटा तिथेच, म्हणून इशाराही तिथूनच. भोवती दफनभूमीची भिंत आधीपासून होतीच. तीच उंच करायची. चर्चचा किल्ला झाला याचं कारण लोक श्रद्धेत शोधतात, पण ते मालमत्तेच्या हिशेबात शोधावं लागतं. देवाच्या घरात शस्त्र कसं चाललं, असंही तुम्ही विचारलंत. माझा अनुभव असा की तिथल्या गावकऱ्यांसाठी हे दोन वेगळे विषय नव्हतेच. गाव वाचलं तर प्रार्थना चालणार होती.

आता धाडी कोणाच्या? १२४१मध्ये मंगोल येऊन गेले, पण आज दिसणारे बहुतेक तट त्यांच्यामुळे उभे राहिलेले नाहीत. खरा दाब आला तो १३९५पासून, जेव्हा ऑटोमन फौजा ब्राशोवच्या खोऱ्यात शिरू लागल्या. १४२१च्या स्वारीत तो सगळा मुलूख होरपळला. १४३८मध्ये तर सेबेश हे तटबंदीचं शहर पडलं. तिथे एक पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी मनोऱ्यात लढत होता. मनोऱ्याला आग लावून त्याला बाहेर काढलं, गुलाम म्हणून विकलं आणि पुढची वीस वर्षं तो ऑटोमन मुलखात राहिला. सुटल्यावर त्यानं ती हकिगत लिहून ठेवली. जॉर्ज ऑफ हंगेरी या नावानं तो ओळखला जातो. गावच्या तटांमागे जी भीती आहे ती ही होती: घर जळण्याची तर होतीच, त्याहून जास्त माणसं धरून नेली जाण्याची.

आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी वास्तुरचना तिच्यातूनच निघते. दरवर्षी येणारे हे हल्लेखोर बहुतांशी हलके घोडेस्वार होते. त्यांना लूट हवी, कैदी हवेत, आणि परतीची वाट बंद व्हायच्या आत निघायचं असे. जड तोफा त्यांच्याबरोबर नसत. म्हणून गावाला मोठ्या फौजेला हरवायची गरज नव्हती. काही दिवस दम धरायचा होता, एवढंच. मोठ्या तोफांसमोर ही चर्च टिकली नसती आणि बांधणाऱ्यांना ते ठाऊक होतं, असं मला वाटतं. त्यांनी पैसा बुरुजांच्या दिमाखावर न घालता धान्य, पाणी आणि निजायची जागा यांवर घातला.

प्रेजमेरमध्ये हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. बाहेरून सुमारे १२ मीटर उंचीची, ३ ते ४.५ मीटर जाडीची, जवळजवळ गोल आणि उघड्या खिडकीचा मागमूस नसलेली भिंत. लांब कमानदार बोळातून आत गेलात की मुंबईच्या चाळीत शिरल्यासारखं वाटेल. खरंच सांगते. तटाच्या आतल्या अंगाला मजल्यावर मजले चढवलेल्या खोल्या, पुढे लाकडी सज्जे, जिने, आणि प्रत्येक दारावर क्रमांक. अशा २७२ खोल्या मोजतात आणि सुमारे १६०० माणसं त्यांत मावत, असा हिशेब दिला जातो. प्रत्येक कुटुंबाची खोली ठरलेली. धाड आली की कोणी कुठे जायचं यावर वाद व्हायला जागाच नाही. तटातच शाळेचा वर्ग आहे, म्हणजे मुलांचा अभ्यासही बुडू द्यायचा नाही. खोल्यांच्या वर, तटाच्या बाहेरच्या बाजूनं, छपराखालून अंधारी फांजी, म्हणजे पहाऱ्याची वाट फिरते. तिच्यात जंग्या, म्हणजे मारा करायच्या बारीक फटी आहेत आणि खाली उकळतं पाणी वगैरे ओतायची तिरकी भोकं. तिथेच ‘मरणाचा ऑर्गन’ म्हणतात ते हत्यार बघायला मिळतं. एका फिरत्या फळीवर ओळीनं बसवलेल्या नळ्या. एका बाजूचा बार एकदम उडवायचा, फळी फिरवायची, आणि तोवर दुसरी बाजू भरायची.

हे ठाणं पन्नास वेळा वेढलं गेलं, असं तिथे सांगतात. पडलं ते एकदाच, १६११मध्ये. आणि घेतलं कोणी? गॅब्रिएल बाथोरीनं, म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियाच्याच राजानं, ब्राशोवच्या साक्सनांशी त्याचं वैर पेटलं होतं तेव्हा. शत्रू नेहमी सीमेपलीकडूनच येतो असं नाही, हे त्या गावाला चांगलंच कळलं असणार.

तारखांचा गुंता आता असा सुटतो. ट्यूटॉनिक सरदारांना राजानं १२११मध्ये या खोऱ्यात आणलं आणि १२२५मध्ये हाकलून दिलं. चर्चची सुरुवात त्यांच्या काळातली. १२४०मध्ये ते किर्त्साच्या मठातल्या सिस्टर्शियन पंथाच्या साधूंकडे गेलं आणि त्यांच्या हातून गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीचं वळण घेत पूर्ण झालं. मूळ आराखडा चार सारख्या हातांच्या ग्रीक क्रुसाचा. पुढे त्याचे हात लांबवले गेले. मठ तिथे कधीच नव्हता, ते गावाचंच चर्च. तट मात्र पंधराव्या शतकापासूनचा, आणि बाहेरची आवारं आणखी नंतरची. तुम्ही वाचलेल्या तीनांपैकी दोघं आपापल्या भिंतीपुरते बरोबर आहेत. म्हणून मी कुठल्याही चर्चला एकच तारीख देत नाही. कोणती भिंत, ते आधी विचारते.

भिंत कशी विचारायची, तेही सांगते, कारण तुम्हाला ते जमेल. आत जायच्या आधी बाहेरून एक फेरी मारा. दोन भिंती मिळतात तिथे दगड एकमेकांत गुंतलेत की सरळ उभा सांधा आहे, ते बघा. गुंतलेले असतील तर दोन्ही एका काळातल्या. सरळ सांधा असेल तर एक भिंत दुसरीला नंतर येऊन टेकली. मग बुजवलेल्या खिडक्या शोधा. मोठी खिडकी बुजवून तिच्यात बारीक जंगी ठेवली असेल तर तिथे भीती आली त्या वर्षाची खूणच समजा. बांधकाम खाली दगडाचं आणि वर विटांचं झालं असेल तर वरचा भाग बहुधा लढाईसाठी चढवलेला.

माझी एक चूक इथे सांगण्यासारखी आहे. पहिल्या उन्हाळ्यात एका चर्चच्या बाहेरच्या भिंतीत ओळीनं कमानींचे आकार दिसले. मी ते नक्षीचं काम म्हणून नोंदवलं. दोन दिवसांनी तिथला म्हातारा गवंडी मला घेऊन गेला, कमानीच्या आत आणि बाहेर हातोडीचा दांडा वाजवून दाखवला आणि आवाजातला फरक ऐकवला. त्या कमानी पूर्वी मोकळ्या होत्या. पलीकडे चर्चची बाजूची ओवरी होती. तटबंदीच्या काळात गावानं ओवऱ्या पाडल्या आणि कमानी भरून घेतल्या, कारण ठेंगण्या ओवरीच्या छपरावर शत्रू चढू शकतो. द्राउशेनीलाही असंच केलेलं दिसतं. आजोबा-पणजोबांनी बांधलेलं चर्च आपल्या हातानं लहान करायचं, हा निर्णय गावसभेत कसा झाला असेल, याचा विचार मी अजून करते.

प्रेजमेरवरून सगळी अशीच असतील असं मात्र समजू नका. तिथे तट लढतो आणि चर्च मधे शांत उभं राहतं. दुसऱ्या जातीत चर्च स्वतःच लढतं. सास्कीजचं चर्च १४९३मध्ये सुरू झालं, तेच लढाईचा विचार डोक्यात ठेवून. भिंतीला बाहेरून जे दगडी टेकू आहेत ते वर कमानींनी जोडलेत आणि त्या कमानींवर विटांचा एक पूर्ण मजला चढवलाय. टेकू आणि कमान यांच्यामागे भिंतीशी जी फट राहते तिच्यातून थेट खाली मारा करता येतो. यातली हुशारी वजनाच्या वाटेत आहे. लढाईच्या मजल्याचा भार चर्चच्या नाजूक कमानछतावर टाकलाच नाही, टेकूंवरून सरळ पायात उतरवला. विटा वापरल्या त्या त्यासाठीच, दगडापेक्षा हलक्या आणि भराभर रचता येणाऱ्या. वालेआ वीलोरला वेदीवरचा भागच मनोऱ्यासारखा उंच नेलाय, दोन्ही टोकांना दोन रखवालदार उभे असावेत तसा. बिएर्तान टेकडीवर आहे, भोवती तटांचे तीन फेरे, आणि १५७२ ते १८६७ तिथे लुथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाच्या बिशपचं ठाणं होतं. तिथल्या पूजासाहित्याच्या खोलीचं दार जरूर बघा. एका यंत्रणेनं एकोणीस ठिकाणी पकडणारं ते कुलूप १९००च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नेऊन दाखवलं होतं.

परवडलं कसं, याकडे परत येते. हे तट वर्षातले तीनशे साठ दिवस कोठार होते. बुरुजांत धान्याच्या पेट्या, एका मनोऱ्यात घराघराची डुकराची खारवलेली चरबी टांगलेली, तिच्यावर घराची खूण, आणि ती कापून न्यायचा वार ठरलेला. म्हणजे माणसांची ये-जा सुरू राहून पहारा आपोआपच होत राहायचा. विस्क्रीला १७४३मध्ये तटाच्या आत धान्यासाठी आच्छादित ओवरी बांधली आणि पुढच्या शतकात तटातल्या दोन खोल्यांत शाळा भरली. शेजारपाजारच्या घरांचे गट होते, डागडुजीची पाळी गटागटानं ठरलेली. कर्ज काढून एकदम बांधलेली ही गोष्ट नाही. शंभर-दीडशे वर्षं, सुगी संपली की थोडं थोडं, गाडीगाडीनं दगड आणून वाढवलेली आहे. दिर्जीउ हे साक्सनांचं गाव नाही, तिथे सेकेली हंगेरियन लोक आणि युनिटेरियन पंथाचं चर्च आहे, पण तिथल्या तटात गावकरी आपलं धान्य आणि चरबी अगदी अलीकडेपर्यंत ठेवत आले. तिथे आत १४१९ची भित्तिचित्रंही आहेत. साक्सन गावांत सोळाव्या शतकाच्या मध्यावर लुथरन सुधारणा आली आणि बरीच चित्रं चुन्याखाली गेली. त्या चुन्यानंच पुढे ती जपली.

हे कोठार रिकामं झालं तिथून खरा धोका सुरू झाला. जानेवारी १९४५मध्ये हजारो साक्सनांना सोव्हिएत संघात सक्तमजुरीला नेलं. नंतर पश्चिम जर्मनी रोमानियाला पैसे मोजून त्यांना सोडवून नेत राहिली. १९८९नंतर तर गावंच्या गावं दोन-तीन वर्षांत जर्मनीला गेली. दीडशेहून जास्त तटबंदीची चर्च आज उभी आहेत. युनेस्कोनं १९९३मध्ये बिएर्तान आणि १९९९मध्ये आणखी सहा गावं यादीत घेतली. बाकीच्यांची जबाबदारी बोटांवर मोजण्याइतक्या म्हाताऱ्या माणसांवर आहे. फेब्रुवारी २०१६मध्ये एकाच आठवड्यात रोआदेश आणि रोत्बाव या दोन गावांतले चर्चचे मनोरे कोसळले. धाडी सोसून पाचशे वर्षं उभ्या राहिलेल्या भिंती पाण्यानं पडतात. कौल सरकतं, पन्हळ तुटते, भिंतीच्या पोटातला चुना धुपतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एका गावात मी पाहिलं, भल्या हेतूनं कोणीतरी पायथ्याला सिमेंटचा गिलावा केला होता. ओल बाहेर पडायची वाट बंद झाली आणि ती आतून दोन मीटर वर चढली. तो गिलावा आम्ही सबंध उन्हाळा छिन्नीनं काढत होतो. आपल्याकडच्या वाड्यांतही मी हेच बघते आणि प्रत्येक वेळी तितकाच जीव तुटतो. दगडांमधले सांधे भरायचे तर चुन्यानंच भरा, हे सांगून सांगून घसा बसलाय.

आता तुमचे दोन दिवस. बरोबर कोण आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. प्रेजमेरचे जिने आणि फांजी अरुंद आहेत, काळोखही आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी अंगणातच बसावं. पण वाटेवरच हर्मान आहे, ते तेवढंच जुनं आणि जरा निवांत, म्हणून पहिल्या दिवशी ही दोन्ही करा. दुसऱ्या दिवशी गाडी स्वतःची असेल तर विस्क्री आणि सास्कीज. बिएर्तान त्याच दिवशी कोंबू नका, ते अंतर दमवतं. शिघिशोआरा शहरात मुक्काम वाढवणार असाल तरच ते घ्या. वाटेत एखाद्या अनोळखी गावाचं चर्च दिसलं आणि दार बंद असेल तर लगेच मागे फिरू नका. बहुतेक ठिकाणी किल्ली शेजारच्या एखाद्या घरात असते आणि दारावर तसा कागद लावलेला असतो. किल्ली घेऊन येणारी बाई किंवा बुवा बहुधा त्या गावातल्या शेवटच्या चार-पाच साक्सनांपैकी असतात. त्यांना घाई करू नका. दानपेटीत काहीतरी टाका, कौलं त्यातूनच बदलतात.

आणि प्रेजमेरला बाहेरून फेरी मारताना एखादा सरळ सांधा सापडला तर त्याचा जवळून एक आणि लांबून एक असे दोन फोटो काढा, दोन्हींत माणूस उभा करून, म्हणजे माप कळेल. पाठवलेत तर कोणती भिंत कोणाला टेकली ते आपण मिळून वाचू.